सामान्यज्ञानाचे प्रश्न आणि गिरणीचा भोंगा



या व्यासपीठावरून बोलणारी माणसे बहुधा पदवीधर असतात. मी पडलो सातवी नापास. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. वडील साचेखात्यात. संप लांबला, शाळेची फी थकली, आणि माझे पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारले तर मला गप्प बसावे लागेल. परंतु व्याख्यानमालेच्या चालकांना मी एक तक्रार सांगितली होती, आणि ती ऐकून त्यांनी मला येथे उभे केले. ती तक्रारच आज आपल्यापुढे मांडतो.

आमच्या कचेरीत दरवर्षी ३० एप्रिलच्या रात्री सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम असतो. चार चार जणांचे गट, समोर घंटी, चूक उत्तराला हशा, बरोबर उत्तराला टाळ्या. कामगारांची मुले, सुना, निवृत्त झालेली मंडळी सगळी येतात. चकित करणारे प्रश्न असले की रंगत येते. ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस कोणत्या महिन्यात? तर नोव्हेंबरात! कारण रशियाचे जुने पंचांग तेरा दिवस मागे होते आणि त्यांचा २५ ऑक्टोबर म्हणजे बाकीच्या जगाचा ७ नोव्हेंबर. असे उत्तर आले की सभागृह खूश होते. मीही होतो.

दोन वर्षांपूर्वी प्रश्न काढण्याचे काम एका तरुणाकडे दिले होते. त्याने बाजारातून एक पुस्तिका आणली आणि तीतून कार्डे लिहून काढली. त्यातला एक प्रश्न असा: ‘भारतातील कामगारांना रविवारची सुटी कोणी दिली?’ कार्डाच्या मागे उत्तर: ‘ब्रिटिश सरकारने’. एका गटात ऐंशीच्या घरातले एक निवृत्त गिरणी कामगार होते. त्यांनी घंटी वाजवून उत्तर दिले, ‘कोणी दिली नाही. लोखंड्यांनी घेतली.’ तरुणाने कार्ड पाहिले आणि ‘चूक’ म्हणाला. म्हातारबाबा खुर्चीवरून उठले. पुढचा अर्धा तास कार्यक्रम बंद आणि भांडण सुरू! शेवटी परीक्षक म्हणून निकाल माझ्याकडे आला. मी त्यांना गुण दिला. परंतु घरी गेल्यावर मनाला रुखरुख लागली की पुस्तिका खोटी आहे, असे छातीवर हात ठेवून मला म्हणता येईल का?

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले ते कार्यकर्ते. रेल्वेत व टपालखात्यात नोकरी करून मग मांडवीच्या गिरणीत ते स्टोअरकीपर झाले, म्हणजे गिरणी त्यांनी आतून पाहिली होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईहून चालवू लागले. त्या काळात कारखान्याचा कायदा होता तो १८८१ चा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या पोराने नऊ तास काम करणे ही सुधारणा होती, हे ध्यानात घ्या. मोठ्या माणसाने किती तास राबावे याविषयी त्या कायद्यात अवाक्षर नव्हते.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. काम करताना जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. माणूस भाकरी केव्हा खाणार, एवढे मागायलासुद्धा साडेपाच हजार सह्या लागत होत्या! मालकांचे म्हणणे असे की कामगार सणावाराला खाडे करतातच, त्यांना वेगळी सुटी कशाला?

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १८९० साली दहा हजारांच्या सभेत गिरणीतली बाई उभी राहून बोलते, ही गोष्ट मला रविवारच्या सुटीपेक्षाही मोठी वाटते. पण ती कोणत्याही पुस्तिकेत प्रश्न म्हणून आलेली मी पाहिलेली नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. म्हातारबाबांचे उत्तर ते हेच. रविवार हा आमच्या घरी खंडोबाचा वार, त्यामुळे देवाचीही सोय झाली.

आता पुस्तिकेची बाजू. १८९१ साली सरकारने नवा कारखाना कायदा केला आणि त्यात आठवड्याची सुटी आली. स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आली, मुलांचे किमान वय नऊ झाले. म्हणजे कायदा सरकारने केला हे खरेच आहे. पण सरकारवर दडपण कोणाचे? एक दडपण आपल्या कामगारांचे, आणि दुसरे, आश्चर्य वाटेल, लँकेशायरच्या गिरणीमालकांचे! मुंबईच्या गिरण्या रात्रंदिवस चालून स्वस्त सूत काढतात, त्यांच्यावर कायद्याची बंधने आली तर आपला माल टिकेल, असा त्यांचा हिशेब होता. आपल्या कामगाराच्या विसाव्यासाठी मँचेस्टरचा शेटजी कळवळला तो असा. आमच्या चळवळीतले काही वक्ते हा भाग गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही. स्वार्थाचे का होईना, ते वजन तराजूत पडले होते.

लोखंडे १८९७ च्या प्लेगात, ९ फेब्रुवारीला वारले. प्लेगाच्या रोग्यांसाठी धावपळ करतानाच तो रोग त्यांना झाला. २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले.

रविवार मिळाला म्हणजे तो कायमचा मिळाला, असे मात्र जगात सगळीकडे घडलेले नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९३ साली नवे पंचांग आणले. आठवडा दहा दिवसांचा केला. सगळे दशमानाने मोजायचे ठरल्यावर दिवसाचे तासही दहा केले, तासाची मिनिटे शंभर. विद्वानांना ते फार सुंदर वाटले. कामगाराने मात्र बोटे मोजली: पूर्वी सातव्या दिवशी पाठ टेकता येत होती, आता दहाव्या दिवशी! १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने ते पंचांग गुंडाळले.

आणि आमच्या आवडत्या रशियातही हा प्रयोग झालाच. १९२९ साली तेथे पाच दिवसांचा आठवडा आला. चार दिवस काम, एक दिवस सुटी. ऐकायला गोड. पण यंत्र एकही दिवस थांबू नये म्हणून कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग, प्रत्येक रंगाची सुटी वेगळ्या दिवशी. नवरा पिवळ्या रंगाचा, बायको हिरव्या रंगाची, मग दोघांची भेट व्हायची कधी? १९३१ मध्ये सहा दिवसांचा आठवडा करून पाहिला, आणि जून १९४० मध्ये पुन्हा सात दिवसांवर येऊन रविवार परत आणला. आमच्या अभ्यासवर्गात हे सांगितले तेव्हा एक जुना कॉम्रेड माझ्यावर रागावला. पण सुटी म्हणजे नुसते काम नसणे नव्हे, शेजारच्यालाही त्याच दिवशी सुटी असणे, हे पाळीत काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

मे दिनाचा प्रश्न तर नेहमीचाच. शिकागोच्या कामगारांनी आठ तासांसाठी १ मे १८८६ रोजी संप केला, त्याची आठवण म्हणून जग १ मे पाळते. मग अमेरिका स्वतः कामगार दिन केव्हा पाळते? सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. १८९४ साली पुलमनच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यातला संप पेटलेला असताना राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी त्या कायद्यावर सही केली. १९५८ साली आयसेनहॉवर यांनी तर १ मे हा ‘कायदा दिन’ म्हणून जाहीर केला. ज्या गावात रक्त सांडले तेथे १ मे साधी तारीख, आणि मद्रासेत सिंगारवेलू चेट्टियार यांनी १९२३ साली समुद्रकाठी मे दिन साजरा केला!

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या रात्रीचे शेवटचे कार्ड असे होते: ‘भारताची प्रमाणवेळ केव्हा सुरू झाली?’ उत्तर: ‘१ जानेवारी १९०६’. उत्तर बरोबर आहे. कोणी भांडले नाही, टाळ्या झाल्या, चहा आला. मला मात्र आजी आठवली. आम्ही पोरे ‘आठ वाजले’ म्हणालो की ती विचारायची, ‘कोणत्या टायमाचे? नव्या का जुन्या?’ आम्ही हसायचो. तिला घड्याळ कळत नाही असे आम्हाला वाटे. पुढे वाचनालयात कळले की घड्याळ तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होते.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. मिरझापूरजवळून जाणारी साडेब्याऐंशी अंशांची रेघ ही आपल्या प्रमाणवेळेची रेघ. मुंबई त्या रेघेच्या पश्चिमेला पावणेदहा अंशांच्या आसपास. गुणाकार करा, म्हणजे दिसेल की सूर्याच्या हिशेबाने मुंबईचे घड्याळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे हवे. आणि ते तसेच होते. मुंबईची स्वतःची वेळ होती, मद्रासची वेगळी, कलकत्त्याची वेगळी. आगगाड्या धावू लागल्यावर वेळापत्रक एकच लागते, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या पुढे अर्धा तास.

१८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबई शहरालाच मद्रासची वेळ लावली. शहर बिघडले. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचे घड्याळ त्या काळी सर्वांत मोठे. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून ते उभे राहिले होते आणि तयार होऊन पुरती पाच वर्षेही झालेली नव्हती. विद्यापीठाने घड्याळावर मुंबईचीच वेळ ठेवण्याचे ठरवले, तेव्हा सरकारने रात्री घड्याळाच्या तबकडीवर उजेड पाडण्याचा खर्च द्यायचे नाकारले! घड्याळ आमच्या वेळेचे नसेल तर ते अंधारात राहू द्या, असा तो कारभार. १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली.

ते भांडण मुख्यतः पांढरपेशांचे होते. १९०६ चे तसे नव्हते. १९०५ साल आठवा. ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची हवा होती. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले होते. तोपर्यंत कामाचा दिवस सूर्याने बांधलेला होता. अंधार पडला की सूत दिसत नसे, मग मालकाचाही नाइलाज. लोखंड्यांच्या निवेदनात ‘सूर्यास्त’ हा शब्द आला तो यामुळे. दिवा लागला आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. कामगारांनी १९०५ मध्येच याविरुद्ध संप केले. विजेचा दिवा ही प्रगती, हे मलाही मान्य आहे. माझ्या घरीही तो आहे. पण साचेवाल्याच्या डोक्यावर तो लागला तेव्हा त्याला त्यात काय दिसले असेल?

अशा वेळी जानेवारी उजाडला आणि सरकारने सांगितले, घड्याळ ३९ मिनिटे पुढे करा. जानेवारीत मुंबईचा सूर्य जुन्या वेळेने साडेसहाच्या सुमारास उगवतो. समजा, गिरणीचे दार सहाला उघडते. नव्या घड्याळाचे सहा म्हणजे जुन्याचे पाच वाजून एकवीस मिनिटे. परळ-लालबागच्या चाळीतल्या माणसाने, नळावर नंबर लावून, भाकरी थापून, काळोखात निघायचे ते आता आणखी ३९ मिनिटे आधी. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हते. त्याचे घड्याळ म्हणजे भोंगा आणि आकाश, आणि त्या महिन्यात या दोघांचा मेळ बसेना. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी काम बंद केले. हजारो कामगार बाहेर पडले, गिरण्यांवर दगड पडले. शहरात सभा झाल्या, पंधरा हजारांहून अधिक नागरिकांनी अर्जांवर सह्या केल्या.

नागरिकांचे आक्षेप वेगळे होते. धर्मकृत्यांच्या वेळा चुकतात, शहराला विचारले नाही, परक्या सरकारची सक्ती आहे, असे ते म्हणत. तेही रास्तच. परंतु इतिहासाच्या पुस्तकांत हा अभिमानाचा भाग येतो, आणि काळोखात उठणारी बाई त्यातून गळते. दोघांच्या तक्रारीचे घड्याळ एकच असले तरी दुखणे निरनिराळे होते, एवढे मला दिसते.

यात एक गोष्ट मी लपवीत नाही. एवढ्या मोठ्या देशाला एक वेळ हवी होती. तार, रेल्वे, टपाल यांचे काम तीन वेळांवर चालले नसते, आणि आज मीही गाडी पकडताना त्याच वेळेवर विसंबतो. पण मुंबईच्या नगरपालिकेने हार मानली नाही. सरकारी कचेऱ्या व रेल्वे प्रमाणवेळेवर, आणि नगरपालिकेची घड्याळे मुंबई वेळेवर, असा संसार दशकानुदशके चालला. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. मुंबईची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून होती. मध्ये महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सबंध देशाचेच घड्याळ एक तास पुढे केले होते. आजीचा ‘नवा का जुना’ हा प्रश्न अशा शहरात तयार झाला होता.

कामाच्या तासांची गोष्ट या दगडफेकीने संपली नाही. प्रौढ पुरुषालासुद्धा मर्यादा लागते हे १९११ च्या कायद्याने पहिल्यांदा मानले: कापड गिरण्यांत बारा तास. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास, १९३४ मध्ये चोपन्न. १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस झाले. मजूर खात्याचे सभासद असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते विधेयक मांडले होते. १९४८ च्या कायद्याने ते कायम केले. बारापासून आठपर्यंत यायला सदतीस वर्षे लागली.

आणि कायद्यात आठ तास झाले तरी ते मोजायचे कोणाच्या घड्याळाने, हा प्रश्न उरतोच. हे मला पुस्तकाने शिकवले नाही. १९८९ साली मी एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लेथवर होतो. कारखान्याचे नाव कशाला हवे? आठला गेट बंद होई, आणि एक मिनिट उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापत. घरून नेहमीच्या वेळी निघूनही दोन-तीन जण रोज उशिरा ठरत. आमच्यातला एक फिटर एके दिवशी खिशात छोटा रेडिओ घेऊन आला. आठच्या बातम्यांआधी आकाशवाणी वेळेचे ठोके देते. ठोके पडले तेव्हा गेटचे घड्याळ आठ वाजून चार मिनिटे दाखवीत होते. संध्याकाळी पुन्हा तपासले, तर सुटीची घंटा पाच मिनिटे उशिरा. सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे, असे घड्याळ आपोआप होत नाही. टाइमकीपरला दुपारी हात लावावा लागतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा हिशेब मांडला. रोजची नऊ मिनिटे, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे माणशी २३४ मिनिटे. कारखान्यात आम्ही ३०० माणसे. एकूण १,१७० तास, म्हणजे आठ तासांचे १४६ दिवस, दर महिन्याला, फुकट. हा कागद घेऊन आम्ही कामगार अधिकाऱ्याकडे गेलो. फिटरला चौकशीशिवाय आठ दिवस घरी बसवले. गेटवर रेडिओ नेण्यास मनाई करणारी सूचना लागली. मग एका सकाळी तीनशेपैकी दोनशेहून अधिक माणसे गेटबाहेर उभी राहिली, आणि कोणाच्या तरी दुकानातला मोठा रेडिओ रस्त्यापलीकडे लावला होता. ठोके पडले तेव्हाच आम्ही आत गेलो. घड्याळात आठ वाजून चार मिनिटे झाली होती आणि गेटमनने फाटक उघडे ठेवले.

घड्याळ पुढच्या आठवड्यात सरळ झाले. फिटर कामावर आला. त्या महिन्यात ‘उशीर’ म्हणून ज्यांचा अर्धा दिवस कापला होता त्यांना तो परत मिळाला. त्याआधीच्या वर्षांचे काही मिळाले नाही.